एकही खेळ फसला नाही, तरी एन्सेम्बल स्टुडिओज बंद का पडला?

जुना_नकाशा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज मांडतो आहे. टेक्सासमधील डॅलस शहरात १९९५ साली सुरू झालेला आणि २९ जानेवारी २००९ रोजी कायमचा बंद झालेला, संगणकावरचे रणनीतीचे खेळ करणारा एन्सेम्बल स्टुडिओज आपल्यापैकी अनेकांना नावाने ठाऊक नसेल, पण त्याचे काम ठाऊक असणारच. १९९७ मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स', १९९९ मध्ये त्याचा दुसरा भाग 'द एज ऑफ किंग्ज', २००० मध्ये त्याची पुरवणी 'द कॉन्करर्स', २००२ मध्ये 'एज ऑफ मिथॉलॉजी', २००५ मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स ३' आणि २००९ मध्ये 'हेलो वॉर्स', एवढीच त्यांची मुख्य यादी आहे. यांतला एकही खेळ सपशेल आपटला असे म्हणता येणार नाही. दुसरा भाग तर आज पाव शतकानंतरही रोज खेळला जातो.

तरीही सप्टेंबर २००८ मध्ये मालक कंपनी मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की 'हेलो वॉर्स' पूर्ण झाला की स्टुडिओ बंद होईल, आणि त्यासाठी आर्थिक कारण दिले. खेळ खपत होते, नाव होते, अनुभवी माणसे होती. मग नेमके काय चुकले? ज्यांनी या स्टुडिओचा इतिहास बारकाईने पाहिला आहे त्यांनी लिहावे. केवळ 'मोठ्या कंपन्या अशाच वागतात' एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही.

पटावरची_सोंगटी

उत्तम विषय. शेवट समजून घ्यायचा तर सुरुवातीपासून पाहावे लागेल, कारण या स्टुडिओचा स्वभाव सुरुवातीलाच ठरला होता.

टोनी गुडमन यांची एन्सेम्बल कॉर्पोरेशन नावाची संगणक सल्लागार कंपनी होती. व्यवसायांना लागणाऱ्या प्रणाली तयार करून देणे हे तिचे काम. त्याच घरातून खेळांचा वेगळा संसार उभा राहिला. टोनी यांच्याबरोबर त्यांचे भाऊ रिक गुडमन आणि सहकारी जॉन बूग-स्कॉट होते, आणि लवकरच ब्रूस शेली येऊन मिळाले. शेली यांनी मायक्रोप्रोझ या खेळ करणाऱ्या कंपनीत सिड मायर यांच्या जोडीने 'रेलरोड टायकून' आणि 'सिव्हिलायझेशन' हे खेळ घडवले होते, आणि त्याही आधी ते पटावरच्या खेळांच्या व्यवसायात होते. टोनी आणि शेली यांची ओळख व्हर्जिनिया विद्यापीठातल्या पटावरच्या खेळांच्या मंडळातली. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. ज्या माणसांची मैत्रीच खेळत बसण्यातून झाली, त्यांनी पुढे स्टुडिओ चालवतानाही खेळत बसणे हेच मुख्य काम मानले.

पहिल्या खेळाचे कामचलाऊ नाव 'डॉन ऑफ मॅन' असे होते. 'सिव्हिलायझेशन'मधली इतिहासाची भव्यता आणि 'वॉरक्राफ्ट'मधली हातघाई एकत्र आणायची, हा विचार त्यामागे होता. 'सिव्हिलायझेशन'मध्ये आपली पाळी येईपर्यंत जग थांबलेले असते. इथे ते थांबत नाही. तुम्ही भिंत कुठे बांधावी याचा विचार करत असता आणि तेवढ्यात शत्रूचे हत्ती गावात शिरलेले असतात.

शिळा_आणि_सोने

ज्यांच्या कानात अजूनही त्या पुरोहिताचे 'वोलोलो' घुमते त्यांनी हात वर करावेत. माझा हात वर आहे. स्वतःचा सर्वांत बलवान सैनिक एका मंत्रासरशी रंग बदलून आपल्याच अंगावर चालून येतो, तेव्हा झालेले दुःख मी अजून विसरलेलो नाही.

यंत्रवेडा

मी व्यवसायाने प्रोग्रॅमर आहे, त्यामुळे मला या स्टुडिओविषयी वाटणारा आदर प्रामुख्याने त्यांच्या नेटवर्कच्या कामामुळे आहे. थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याचा संबंध मूळ प्रश्नाशीही आहे.

१९९७ सालचे आव्हान असे होते की १६ मेगाबाइट स्मृती असलेला ९० मेगाहर्ट्झचा पेंटियम संगणक आणि २८.८ किलोबिटचा मोडेम एवढ्या साधनांवर आठ जणांना एकत्र खेळता आले पाहिजे. प्रत्येक सैनिकाची जागा, दिशा, अवस्था आणि झालेली इजा सतत पाठवत राहायचे ठरवले असते, तर त्यांच्या हिशेबाप्रमाणे फार तर २५० हलती माणसे त्या मोडेममधून मावली असती. आठ सैन्यांना ती पुरणार कशी?

त्यांनी मग ही माहिती पाठवायचीच नाही असे ठरवले. प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर संपूर्ण जग स्वतंत्रपणे चालते आणि तारेवरून फक्त आज्ञा जातात: 'हे चाळीस तिरंदाज तिकडे जावेत', एवढेच. आज्ञा सर्वांना मिळाली की सर्व संगणक ती ठरलेल्या एकाच क्षणी अमलात आणतात. साधारण २०० मिलिसेकंदांचा एक टप्पा धरला जाई आणि दिलेली आज्ञा दोन टप्प्यांनंतर पार पडे. तिरंदाज दहा असोत वा दीड हजार, आज्ञेचा आकार तेवढाच राहतो. या स्टुडिओतील पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये यावर निबंध सादर केला. त्याच्या शीर्षकातच १५०० तिरंदाज आणि २८.८ चा मोडेम यांचा उल्लेख आहे, आणि या क्षेत्रात येणारे तरुण आजही तो वाचतात.

त्यातले एक निरीक्षण मला फार आवडते. आज्ञा पाळायला पाव सेकंद लागला तर खेळाडूंच्या ते ध्यानातही येत नव्हते, आणि अर्ध्या सेकंदापर्यंतही खेळ सुखाने चालत होता. मात्र कधी झटकन तर कधी उशिरा प्रतिसाद आला की लोक वैतागत. म्हणून त्यांनी एकसारख्या लयीला प्राधान्य दिले, मग ती थोडी संथ असली तरी चालेल. खेळाडू त्या लयीशी आपला हात आपोआप जुळवून घेतात.

कोरी_पाटी

यंत्रवेडा, फार सुंदर लिहिलेत. एक शंका आहे. सर्व संगणकांवर वेगवेगळे जग चालत असेल, तर ती जगे एकमेकांपासून वेगळी होत नाहीत का? शिकार केलेल्या हरणाचे मांस, कोसळलेले झाड, नेम चुकलेला बाण या गोष्टी तर योगायोगावर असतात ना?

यंत्रवेडा

कोरी_पाटी, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले. योगायोगाचे आकडेसुद्धा सर्व संगणकांवर एकाच बीजापासून तयार होतात, त्यामुळे बाण चुकायचा तर तो सर्वत्र चुकतो. पण कुठेतरी तसूभर फरक पडला की अनर्थ होतो. त्यांच्या निबंधात उदाहरणच हरणाचे आहे. नकाशा तयार होताना एखादे हरीण एका संगणकावर किंचित वेगळ्या जागी उभे राहिले, तर ते चरायला थोडे वेगळीकडे जाते. काही मिनिटांनी एखादा गावकरी किंचित वेगळी वाट धरतो किंवा त्याचा भाला चुकतो आणि तो मांसाशिवाय घरी येतो. तेथून पुढे दोन्ही जगांचा इतिहासच निराळा होतो. म्हणून प्रत्येक संगणक आपल्या जगाची बेरीज तपासून इतरांशी ताडून पाहतो आणि फरक दिसला की खेळ थांबवला जातो.

मी स्वतः एका कामात अशीच चूक शोधत तीन आठवडे घालवले होते. चूक दिसते त्या ठिकाणी ती घडलेलीच नसते, ती दहा मिनिटे आधी कुठेतरी होऊन गेलेली असते. तेव्हा त्या हरणाची मला रोज आठवण येत असे.

गव्हाचे_शेत

माझा अनुभव केवळ खेळाडूचा आहे, पण मूळ प्रश्नाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या स्टुडिओत खेळ तपासण्याचे काम एका वेगळ्या विभागावर सोपवलेले नव्हते. चित्रकार, प्रोग्रॅमर, ध्वनी करणारे, कार्यालय सांभाळणारे अशा सर्वांनी तयार होत असलेला खेळ नेमाने खेळावा आणि मत द्यावे, अशी तिथली रीत होती. शेली यांनी आपल्या व्याख्यानांतून आणि लेखांतून ही पद्धत वारंवार समजावून सांगितली आहे. आराखडा कागदावर पूर्ण करायचा आणि मग त्याप्रमाणे बांधायचे, असे न करता लवकरात लवकर काहीतरी खेळण्याजोगे उभे करायचे, खेळायचे, मोडायचे आणि पुन्हा बांधायचे.

याचा परिणाम पाहायचा असेल तर केवळ शेताचा इतिहास पाहावा. पहिल्या खेळात शेत संपले की ते नाहीसे होई आणि ते पुन्हा नव्याने बांधावे लागे. ऐन लढाईत मागे गावात जाऊन पाहावे तर सहा गावकरी रिकाम्या जमिनीवर हात बांधून उभे असत. 'एज ऑफ किंग्ज'मध्ये संपलेल्या शेतात पुन्हा पेरणी करता येऊ लागली आणि रिकामा बसलेला गावकरी शोधून देणारे बटण आले. 'कॉन्करर्स'मध्ये पेरणीचे पैसे गिरणीत आगाऊ भरून ठेवण्याची सोय झाली. तीन पायऱ्यांत एक कटकट संपली, आणि प्रत्येक पायरीमागे कोणीतरी शेकडो वेळा खेळून वैतागलेले आहे हे स्पष्ट दिसते. एकामागून एक सैनिकांची मागणी नोंदवून ठेवण्याची रांगही पहिल्या खेळात नव्हती. ती १९९८ सालच्या 'राइज ऑफ रोम' या पुरवणीत आली. गावाची घंटा वाजवताच सर्वांनी इमारतींत आसरा घेणे, तटाला उघडणारा दरवाजा, सैन्याची रचना हे सर्व दुसऱ्या भागाचे देणे आहे.

पण ही पद्धत वेळ खाते. 'एज ऑफ किंग्ज' एका वर्षात करायचा बेत होता, प्रत्यक्षात दोन वर्षे लागली. मधली पोकळी 'राइज ऑफ रोम'ने भरून काढली. म्हणजे त्यांच्या यशाचे कारण आणि त्यांच्या खर्चाचे कारण एकच होते, असे माझे मत आहे.

रानवाटा

गव्हाचे_शेत यांच्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. वेळ लागतो म्हणून स्टुडिओ बंद होतात असे असते तर या क्षेत्रातील निम्मे नावाजलेले स्टुडिओ कधीच बंद पडले असते. मला वाटते की खरी अडचण २००१ नंतरची आहे. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ विकत घेतला. त्याआधी ती फक्त प्रकाशक होती. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स हे टीव्हीला जोडायचे खेळयंत्र बाजारात आले आणि कंपनीचे सारे लक्ष हळूहळू दिवाणखान्यातल्या यंत्राकडे वळले. माउस आणि कळफलक यांवर जगणारा खेळ करणाऱ्या या मंडळींचे घरातले स्थान तेव्हापासून बदलले.

शिवाय गुणवत्ता वाढतच गेली असेही मला वाटत नाही. 'एज ऑफ मिथॉलॉजी' माझ्या दृष्टीने त्यांची सर्वांत कल्पक निर्मिती आहे. देवांची कृपा हे एकच साधन, पण ग्रीक लोक ते मंदिरापुढे प्रार्थना करून मिळवतात, इजिप्तचे लोक स्मारके उभारून आणि नॉर्स लोक लढून. तीन संस्कृतींचा स्वभाव एका नियमात सांगून टाकला. 'एज ऑफ एम्पायर्स ३' दिसायला देखणा होता, तोफेच्या गोळ्याने माणसे उडत, इमारतींचे तुकडे होत. पण गावकऱ्याने लाकूड तोडून वखारीत नेऊन टाकणे त्यांनी काढून टाकले. साधने जागच्या जागी जमा होऊ लागली. त्यामुळे वखार कुठे बांधावी, ती शत्रूपासून कशी राखावी हा सारा विचारच नाहीसा झाला. मला तो खेळ कधी आपला वाटला नाही.

गव्हाचे_शेत

रानवाटा, तिसऱ्या भागाविषयी आपले मत अनेकांचे आहे, पण मी त्याची बाजू घेईन. दूरच्या मायदेशातून खेळायच्या पत्त्यांच्या रूपाने कुमक मागवण्याची कल्पना वसाहतींच्या काळाला अगदी साजेशी होती. दुसऱ्या भागाची तिसरी आवृत्ती काढणे सोपे होते आणि ते विकलेही गेले असते. त्यांनी तो मोह टाळला.

अक्षरगंध

थोडे वेगळ्या अंगाने लिहिते. मी इतिहास शिकवते, आणि या खेळांनी मुलांच्या मनात किती नावे पेरली याचे मला कायम आश्चर्य वाटते. सलादीन, बार्बारोसा, जोन ऑफ आर्क, चंगीझ खान ही माणसे कोणत्या पाठ्यपुस्तकात येण्याआधी अनेकांना 'एज ऑफ किंग्ज'च्या मोहिमांतून भेटली. त्या खेळात इतिहासाचा स्वतंत्र विभागच होता, आणि प्रत्येक संस्कृतीची माणसे आपापल्या भाषेत उत्तर देत. शेली सांगत असत की खेळाला लागणारे संशोधन ग्रंथालयाच्या बालविभागात होऊ शकते. वरवर पाहता हे उथळ वाटेल, पण मला त्यात शहाणपण दिसते. लहान मुलांसाठीच्या पुस्तकात तेच उरते जे सर्वांना ओळखता येते: पिरॅमिड, लांब धनुष्य, लढाऊ हत्ती. त्या ओळखीच्या धाग्याला धरून माणूस खेळात शिरतो आणि मग पुढचे वाचायला लागतो.

आपल्या दृष्टीने तर २००७ सालची 'द एशियन डायनॅस्टीज' ही पुरवणी महत्त्वाची, कारण तिच्यात भारतीय ही खेळता येणारी संस्कृती होती आणि १८५७ च्या उठावावर एक पूर्ण मोहीम होती. भारतीयांना गुरे कापून अन्न मिळवता येत नसे. त्याऐवजी पवित्र कुरणात गायी ठेवून अनुभवाचे गुण मिळत. एन्सेम्बलने एवढा विचार केला याचे मला कौतुक वाटले होते.

पटावरची_सोंगटी

अक्षरगंध, एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. 'एशियन डायनॅस्टीज' ही प्रामुख्याने एन्सेम्बलची निर्मिती नव्हती. ती मेरीलँडमधील बिग ह्यूज गेम्स या स्टुडिओने केली, ज्याच्या संस्थापकांत ब्रायन रेनॉल्ड्स होते. एन्सेम्बलची मंडळी सहकार्याला होती. १८५७ ची ती मोहीमही नानीब साहिर या काल्पनिक नायकाभोवती रचलेली आहे.

पण आपल्या प्रतिसादामुळेच एक गोष्ट लक्षात आली. स्वतःच्या मुख्य मालिकेची पुरवणी बाहेरच्या स्टुडिओकडे द्यावी लागली, म्हणजे २००७ पर्यंत एन्सेम्बलचे हात दुसऱ्या कामांत अडकलेले होते. ती कामे कोणती, हे पाहिले तर मूळ प्रश्नाचे उत्तर कदाचित सापडेल.

अक्षरगंध

राग कसला? आभारच मानते. माझा समज गेली अनेक वर्षे चुकीचा होता. २०२२ सालच्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'ने दुसऱ्या भागातील 'भारतीय' हा एकच मोठा गट बदलून हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशा चार संस्कृती आणल्या, तेही अर्थातच एन्सेम्बलनंतरच्या लोकांचे काम आहे. पण एखाद्या भूभागाला एकच रंग न फासता त्यातले भेद दाखवावेत, ही जाण उशिरा का होईना आली याचा मला मनापासून आनंद झाला.

सुरावट

संगीताचा उल्लेख अजून कोणीच केला नाही. स्टीफन रिपी यांनी पहिल्या खेळापासून 'हेलो वॉर्स'पर्यंत या स्टुडिओचे संगीत सांभाळले. एकच संगीतकार इतकी वर्षे एका घरात राहणे विरळाच. युद्धाच्या खेळाला ढोल-नगाऱ्यांचा गजर देणे सहज शक्य होते. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांच्या शांततेला साजेसे संगीत दिले, जेव्हा मेंढ्या शोधायच्या असतात आणि नकाशा अजून काळाकुट्ट असतो. मला आजही ते सूर ऐकले की प्रथम लढाई आठवत नाही, तो काळा नकाशाच आठवतो.

शिळा_आणि_सोने

सुरावट, अगदी खरे. आणि त्या शांततेत 'बिगडॅडी' असा गुप्त संकेत लिहून अश्मयुगात अग्निबाण सोडणारी काळी मोटार बोलावणारे मित्रही आठवतात. अक्षरगंध यांच्या वर्गात अशी मोटार शिरली तर इतिहासाचा पेपर तपासणे कठीण होईल.

अक्षरगंध

एका विद्यार्थ्याने मला ती मोटार खरोखरच दाखवली होती. गुण दिले नाहीत, पण पुढे बराच वेळ आम्ही दोघे ती चालवत बसलो होतो.

उंबरठा

पटावरची_सोंगटी यांनी जे सूत्र सोडले ते मी पुढे नेतो. माझ्या मते उत्तर तिथेच आहे.

तिसऱ्या भागानंतर एन्सेम्बलमध्ये एकाच वेळी अनेक प्रयोग चालू होते. स्टुडिओतील लोकांना सतत रणनीतीचेच खेळ करण्याचा कंटाळा आला होता आणि दुसऱ्या प्रकारचे खेळ करून पाहायची त्यांची इच्छा होती. 'हेलो' या मायक्रोसॉफ्टच्या गाजलेल्या खेळमालिकेच्या जगात हजारो लोकांनी एकत्र खेळायचा एक महाकाय ऑनलाइन खेळही तिथे आकार घेत होता, अंतर्गत नाव 'टायटन'. तो रद्द झाला. इतर नमुनेही तडीस गेले नाहीत. शेवटी जे एकच काम मालकांच्या पसंतीस उतरून पूर्ण झाले ते 'हेलो वॉर्स', आणि ते पुन्हा रणनीतीचेच होते.

आता गव्हाचे_शेत आणि रानवाटा यांचे म्हणणे एकत्र ठेवून पाहा. बांधा, खेळा, मोडा ही पद्धत उत्तम, पण ती कधी फळते? सर्वांना मिळून एकच खेळ घडवायचा असतो तेव्हा. 'एज ऑफ किंग्ज'च्या वेळी स्टुडिओतील प्रत्येक जण तोच खेळ खेळत होता. दहा वर्षांनी तीच माणसे वेगवेगळ्या नमुन्यांत विभागली गेली. मोडण्याचा खर्च तोच राहिला, पण मोडल्यानंतर पुन्हा बांधण्याला हात कमी पडले. वर्षानुवर्षे पगार चालू आणि बाहेर येणारा खेळ एखादाच, हे मालकाच्या वहीत कसे दिसत असेल याची कल्पना करता येते. त्यांचा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. पण तो निव्वळ लहरीपणा होता असे म्हणणे मला पटत नाही.

रानवाटा

उंबरठा, तुमची मांडणी मला विचार करायला लावणारी आहे, तरी 'हेलो वॉर्स'विषयी एक शब्द. ज्या प्रकारचा खेळ हातातल्या नियंत्रकावर नीट चालत नाही असे मानले जात होते, तो त्यांनी चालवून दाखवला. तळ ठरावीक जागीच उभारायचा, बांधकामाची निवड गोल चक्रातून करायची, एका बटणाने सारे सैन्य हाती घ्यायचे. सवयीच्या अनेक गोष्टी त्यांनी निष्ठुरपणे छाटल्या. बंद होणार हे ठाऊक असलेल्या माणसांनी शेवटचे चार महिने बसून हे पूर्ण केले. २९ जानेवारीला स्टुडिओ बंद झाला आणि खेळ फेब्रुवारीच्या अखेरीस दुकानांत आला. ज्यांनी तो घडवला त्यांना त्याचे स्वागत पाहायला त्या इमारतीत एकत्र उभे राहता आले नाही. या गोष्टीचे मला खरोखर वाईट वाटते.

यंत्रवेडा

रानवाटा, हे वाचून थांबलो. प्रकल्पाच्या शेवटच्या महिन्यांत माणसे कशाच्या बळावर काम करतात हे मी पाहिले आहे. पुढच्या कामात आपल्याला हीच माणसे भेटणार, हा विश्वास त्यातला मोठा भाग असतो. त्यांच्याकडे तो नव्हता.

जुना_नकाशा

सर्वांचे मनापासून आभार. धागा काढताना मला 'दोषी कोण' असे विचारायचे होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. उंबरठा यांचा मुद्दा मला सर्वांत जास्त पटला: पद्धत तीच राहिली, पण तिच्याभोवतीचा एकोपा विखुरला. मात्र रानवाटा म्हणतात त्याप्रमाणे एक्सबॉक्सनंतरच्या बदललेल्या घराचा वाटाही मी नाकारणार नाही. संगणकावरील रणनीतीचा खेळ हे त्या घराचे पहिले प्रेम राहिले असते, तर हेच विखुरलेपण सावरायला कदाचित आणखी दोन-तीन वर्षे मिळाली असती.

एक गोष्ट मात्र अजून समजलेली नाही. स्टुडिओ गेला, तरी दुसरा भाग जिवंत कसा राहिला?

गव्हाचे_शेत

त्याचे श्रेय खेळणाऱ्यांना द्यावे लागेल. एन्सेम्बलने नकाशे आणि मोहिमा तयार करण्याचे साधन खेळासोबतच दिले होते. दुसऱ्या भागात संगणकाच्या बुद्धीचे नियमसुद्धा साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले होते, त्यामुळे कोणालाही ते बदलून पाहता येत. काही चाहत्यांनी २०१२ साली 'फरगॉटन एम्पायर्स' नावाची पुरवणी स्वतःच तयार केली. पुढच्याच वर्षी तिला अधिकृत रूप मिळाले आणि ती मंडळी या मालिकेच्या कामात कायमची सामील झाली. २०१९ च्या 'डेफिनिटिव्ह एडिशन'मागेही त्यांचे कष्ट आहेत. ज्या घराचे दरवाजे मालकाने बंद केले, त्याची खिडकी बांधणाऱ्यांनी आधीच उघडी ठेवलेली होती.

पटावरची_सोंगटी

आणि माणसे कुठे गेली हेही नोंदवून ठेवतो. रिक गुडमन पहिल्या खेळानंतरच बाहेर पडले होते. त्यांच्या स्टेनलेस स्टील स्टुडिओजने २००१ साली 'एम्पायर अर्थ' केला. बंद झाल्यावर काहींनी रोबोट एंटरटेनमेंट स्थापन केले आणि २०११ मध्ये 'ऑर्क्स मस्ट डाय' आणला. काहींनी बॉनफायर स्टुडिओज काढला, जो पुढे झिंगा या खेळांच्या कंपनीकडे गेला. सागरी जीवशास्त्रज्ञ असलेले ग्रेग स्ट्रीट एन्सेम्बलमध्ये खेळांची रचना शिकले आणि २००८ मध्ये ब्लिझार्ड या खेळांच्या कंपनीत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'वर काम करायला गेले.

यंत्रवेडा यांनी ज्या पॉल बेटनर यांच्या निबंधाविषयी लिहिले, त्यांनी आपले भाऊ डेव्हिड यांच्यासह न्यूटॉय स्थापन केले आणि २००९ मध्ये 'वर्ड्स विथ फ्रेंड्स' हा शब्दांचा खेळ केला. टोनी गुडमन यांनी काही जुन्या सहकाऱ्यांसह पीपलफन सुरू केले, आणि तिथून २०१७ साली आला 'वर्डस्केप्स'. तोही शब्दांचाच.

कोरी_पाटी

माझी आई रोज सकाळी चहा घेताना 'वर्डस्केप्स' खेळते. पुरोहिताचा आवाज काढणाऱ्या माणसांच्या घरातूनच तो आला आहे, हे तिला आज संध्याकाळी सांगणार आहे.